जुळवून घेण्याचं ओझं एकाच प्राध्यापकावर का पडतं?

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

"मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातली. घरची भाषा पावरी. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा झाल्यावर पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात भूगोलाची सहायक प्राध्यापक म्हणून लागले. वर्गात पुण्या-साताऱ्याची मुलं आहेत, काही मणिपूरची, काही अफगाण विद्यार्थी; अफगाण मुलं वर्गात गप्पच बसतात, त्याची काळजी वाटते. मराठीत शिकवलं तर बाहेरच्यांना कळत नाही, इंग्रजीत शिकवलं तर खेड्यातली मुलं गप्प होतात. स्टाफरूममध्ये माझ्या उच्चारांवर बोलणं होतं. 'तुम्ही आदिवासी वाटत नाही हं' असं कौतुकानं सांगतात. परदेशी विद्यार्थ्यांचं काम, अगदी नवरोजला चाचणी नको हे विभागात मांडण्यापर्यंत, आणि आदिवासी दिनाचा कार्यक्रम दरवेळी माझ्याकडेच. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. रजा जुळत नाही म्हणून दोन वर्षं होळीला गावी गेले नाही; एरवी गेले की तिथेही मी आता वेगळीच वाटते. कॉलेजने आंतरसांस्कृतिक कौशल्यांवर कार्यशाळा घेतली, पण मला काही फरक पडला नाही. माझा आत्मविश्वास कमी पडतोय का? की गावाजवळच्या एखाद्या कॉलेजात नोकरी बघू?"

उत्तर:

मॅडम,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्मविश्वास कमी आहे असं मला तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही. घरात पावरी, शाळेत मराठी, एम.ए.ला पुस्तकी मराठी आणि इंग्रजी, नेटच्या तयारीला हिंदीतल्या नोट्स, एवढ्या वाटा तुडवून तुम्ही या वर्गापर्यंत आला आहात. प्रत्येक ठिकाणी समोरच्याचं बोलणं, बसणं-उठणं, मानापमान ओळखून तुम्ही स्वतःला त्यात बसवलंत. आंतरसांस्कृतिक कौशल्य म्हणतात त्याचा गाभा हाच आहे, आणि तुमच्या स्टाफरूममधल्या बहुतेकांपेक्षा तो तुमच्याकडे जास्त आहे.

मी मानसशास्त्र शिकवलं आणि त्याहून जास्त काळ प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गांत काम केलं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर सुरू झालेल्या ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांचं नाव पुढे बदललं, २०२३ नंतर ती मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेची केंद्रं झाली. चहाच्या सुट्टीत निघणारे विषय मात्र तेच राहिले. मेळघाटातले कोरकू प्राध्यापक, मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या दलित प्राध्यापिका, मालेगावहून आलेले उर्दू माध्यमातले शिक्षक, इंफाळहून पुण्यात शिकवायला आलेली तरुण मुलगी. प्रत्येकाचं गाऱ्हाणं वेगळं, दमणूक मात्र एकाच जातीची. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. संस्कृतींमधून ये-जा करायचं कसब ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त असतं, तेच सगळ्यात जास्त थकतात, कारण जुळवून घ्यायचं काम संस्था काही न बोलता त्यांच्याच अंगावर टाकते. अशा माणसाला आणखी एक कौशल्य शिकवून काही साधत नाही. त्याच्यावरचं काम वाटून घ्यावं लागतं, आणि स्वतःची ओळख झाकून ठेवण्यात त्याची जी ताकद जाते ती वाचवावी लागते.

कार्यशाळेचा तुम्हाला उपयोग का झाला नाही, तेही इथेच कळतं. अशा बहुतेक कार्यशाळांत 'दुसऱ्यां'बद्दल माहिती देतात: कुठल्या देशात कसं अभिवादन करतात, कोण काय खात नाही, कुणाशी हस्तांदोलन करू नये. डार्ला डिअरडॉर्फ यांनी २००६ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांची मतं एकत्र करून एक आराखडा मांडला. त्याचा पाया आदर, मोकळेपणा आणि कुतूहल असा आहे. माहिती त्याच्यावर उभी राहते, आणि त्या माहितीतही स्वतःच्या संस्कृतीची जाण येते. आपल्याकडच्या कार्यशाळांत नेमकं हेच गळतं. पुण्यात वाढलेल्या, मराठी घरातल्या प्राध्यापकाला 'तुमची स्वतःची संस्कृती वर्गात कुठे कुठे दिसते?' असं कोणी विचारत नाही. त्याच्या वागण्याला संस्कृती म्हणतच नाहीत, त्याला 'नॉर्मल' म्हणतात. संस्कृती असते ती फक्त तुमच्याकडे, मणिपूरच्या मुलीकडे आणि अफगाण मुलाकडे.

मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये माणसं सांस्कृतिक फरकाकडे कशी बघत जातात याच्या सहा पायऱ्या मांडल्या. आधी फरक आहे हेच नाकारणं, मग त्याचा धोका वाटणं, मग तो कमी लेखणं, त्यानंतर स्वीकार, त्याप्रमाणे वागणं बदलणं आणि शेवटी ते अंगी मुरणं. माझ्या पाहण्यातल्या मराठी स्टाफरूम बहुधा तिसऱ्या पायरीवर थांबलेल्या असतात. "आमच्याकडे कुणी असलं काही बघत नाही, आम्ही सगळे सारखेच." हे बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, मी त्यांना दोष देत नाही. पण 'सारखं' म्हणजे कुणासारखं, हे कधी ठरवलं जात नाही, आणि मग ते आपोआप तिथल्या बहुसंख्यांसारखं होतं.

"तुम्ही आदिवासी वाटत नाही" हे वाक्य याच पायरीवरून येतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण मान दिला. ऐकणाऱ्याला त्यातली अट ऐकू येते: जोवर वाटत नाही तोवर तुम्ही आमच्यातल्या. त्या क्षणापासून एक राखण सुरू होते. कुठला शब्द तोंडातून निघतोय, 'ळ' नीट आला का, डब्यात काय आहे, आईचा फोन आला तर पावरीत बोलायचं की बाहेर जाऊन बोलायचं. तास घेण्याचा शीण एका रात्रीच्या झोपेनं जातो. ही राखण करण्याचा शीण झोपेनं जात नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्येच ती पुन्हा सुरू होते. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवण्याच्या कामाला 'भावनिक श्रम' असं नाव दिलं, ते हवाई सुंदरींच्या अभ्यासावरून. प्राध्यापकांच्या नोकरीत हे श्रम सगळ्यांनाच असतात, पण तुमच्यासारख्यांना वर्गात एकदा आणि स्टाफरूममध्ये पुन्हा एकदा करावे लागतात.

हे आजचं नाही. १९१८ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांची व्याख्यानं ऐकायला इतर कॉलेजांतले विद्यार्थीही येऊ लागले. त्याच कॉलेजात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घ्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. प्रशिक्षण वर्गात मी हा प्रसंग आवर्जून सांगते, कारण त्यातली फारकत अजून तशीच आहे. विद्यार्थी शिक्षकाला त्याच्या शिकवण्यावरून जोखतात आणि बऱ्याचदा लवकर स्वीकारतात. सहकारी वेळ लावतात. थकवा कुठून येतोय ते शोधताना बरेच जण वर्गाकडे बघत राहतात आणि शिकवण्यात दोष शोधतात. तुम्हीही पत्रात तेच केलं आहे. वर्गाबद्दल तुम्ही भाषेची अडचण लिहिली, ती सोडवता येते. जिव्हारी लागलेलं बाकी जवळजवळ सगळं स्टाफरूममधलं आहे.

उच्चारांबद्दल एवढंच सांगते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये शिकवणारे मराठी प्राध्यापक सुट्टीत भेटतात तेव्हा विद्यार्थ्यांनी अभिप्रायात 'ॲक्सेंट कळत नाही' असं लिहिल्याचं दुःख सांगतात, आणि तो पूर्वग्रह आहे हे आपल्याला लगेच पटतं. पावरी किंवा अहिराणी वळणाची मराठी मात्र आपल्याला 'अशुद्ध' वाटते. दोन्हीकडे ऐकणाऱ्याचा कान आळशी असतो. तुमचं बोलणं विद्यार्थ्यांना कळतंय का, एवढंच बघा. संज्ञा, नावं, आकडे सावकाश आणि फळ्यावर लिहून सांगा; ते कुठल्याही शिक्षकानं करावं. त्यापलीकडे उच्चार बदलण्याच्या मागे लागू नका.

आता 'गावीही वेगळी वाटते' याबद्दल. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञानं स्थलांतरितांच्या अभ्यासातून चार वाटा सांगितल्या आहेत: दोन्ही संस्कृती धरून राहणं, जुनी सोडून नवीत विरघळणं, नवीपासून दूर राहणं, आणि दोन्हींपासून तुटणं. पहिली वाट सर्वसाधारणपणे मनाला सगळ्यात मानवते असं त्यांच्या आणि नंतरच्या संशोधनातून दिसतं. पण बेरी आणखी एक मुद्दा मांडतात आणि तो पुढे सांगताना लोक गाळतात. ही वाट माणूस एकटा निवडू शकत नाही. नव्या समाजानं जागा दिली तरच ती चालता येते. म्हणजे 'तुम्ही दोन्हीकडचं उत्तम जपा' हा सल्ला तुम्हाला देताना तुमच्या कॉलेजलाही काही सांगायला हवं.

वेरोनिका बेनेट-मार्टिनेझ यांच्या अभ्यासात याचा पुढचा धागा मिळतो. दोन संस्कृतींत वावरणाऱ्या माणसाला त्या दोन ओळखी एकमेकींना पूरक वाटतात की एकमेकींच्या विरोधात, यावर त्याचं स्वास्थ्य पुष्कळ अवलंबून असतं. नंदुरबारमध्ये तुम्ही बहुसंख्यांतल्या होतात, तिथे आदिवासी असणं वेगळं सांगावं लागत नव्हतं. पुण्यात ते सांगावं लागतं किंवा झाकावं लागतं. दोन्ही जागी तुम्हीच आहात, पण एकीकडची कमाई दुसरीकडे चालत नाही असं तुम्हाला वाटतंय. ती चालते असा अनुभव एकदा तरी यावा लागतो, नुसतं समजावून भागत नाही. आणि तो अनुभव घ्यायची सगळ्यात चांगली जागा तुमच्याकडे आधीच आहे: तुमचा वर्ग आणि तुमचा विषय.

तुम्ही भूगोल शिकवता. धरणं आणि विस्थापन हा घटक तुमच्या अभ्यासक्रमात कुठे ना कुठे येणारच. जरा बघा, त्या एका वर्गात काय काय जमलं आहे. तुमच्या धडगाव आणि अक्कलकुव्यातली मिळून ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली, आणि सातपुड्यातली माणसं खाली तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली. साताऱ्याच्या मुलांपैकी कुणाच्या तरी घरात कोयनेच्या पाण्यानं उठलेल्या गावाची गोष्ट आहे. पुण्याच्या मुलांच्या आजी-आजोबांना १२ जुलै १९६१ आठवतो, पानशेत फुटलं तो दिवस. मणिपूरच्या मुलांना तिथलं लोकताक सरोवर माहीत आहे. १९८३ मध्ये इथाईचा बंधारा झाल्यावर त्या सरोवराची पातळी वर्षभर चढी राहू लागली, काठची शेती पाण्याखाली गेली, आणि फुमदी म्हणजे तरंगत्या वनस्पतींचे जे थर असतात त्यांचं चक्र बिघडलं. सांगाई हरणाचं घर तेच. अफगाण विद्यार्थ्यांना हेरातचं सलमा धरण ठाऊक असणार. ते हरीरुद नदीवर भारताच्या मदतीनं बांधलं गेलं आणि २०१६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. भारत-अफगाण मैत्रीचं धरण म्हणूनच ते ओळखलं जातं.

असा वर्ग महाराष्ट्रात कितीकांना मिळतो?

हा घटक शिकवताना प्रत्येकाला एक पान लिहून आणायला सांगा: माझ्या भागातल्या नदीचं पाणी कोण अडवतं, ते कुणाला मिळतं, त्यासाठी कोण हललं. भाषा कुठलीही चालेल, नकाशा मात्र हवा. वर्गात आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग सगळ्यांसमोर. अफगाण मुलं वर्गात गप्प बसतात म्हणून तुम्ही काळजी केली आहे. त्यातल्या काहींना शिक्षकासमोर आपलं मत मांडणं उद्धटपणाचं वाटत असेल, आणि आपल्या खेड्यातल्या मुलांनाही घरून तेच शिकवलेलं असतं. लिहून मग बोलायची सवय दोघांनाही सारखीच सोयीची पडते. फळ्याचे दोन भाग करा, एका बाजूला संज्ञा इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला मराठीत. सांगताना मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळू द्या. तासाच्या शेवटी एका विद्यार्थ्याला मराठीत आणि एकाला इंग्रजीत सार सांगायला लावा. भाषांतराचं काम तिथे वर्गात वाटलं जातं, ते एकट्या तुमच्या घशावर राहत नाही.

या तासात तुम्ही स्वतःबद्दल किती सांगायचं, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा. 'मी नर्मदेच्या खोऱ्यातून आले आहे, हा विषय मी पुस्तकाआधी गावात पाहिला' एवढं एक वाक्य पुरतं. त्यानं तुमच्या ओळखीला विषयातलं वजन मिळतं. आप्तांच्या वेदना सांगाव्याच लागतील असं नाही. कुणी 'आदिवासींना काय वाटतं?' असं विचारलं तर 'मी सगळ्यांच्या वतीनं बोलू शकत नाही, अभ्यास काय सांगतो ते सांगते' असं शांतपणे म्हणा. तुम्ही स्वतः हे वागून दाखवलंत की मणिपूरच्या मुलीलाही सगळ्या ईशान्य भारताच्या वतीनं बोलावं लागत नाही.

मणिपूरचा विषय निघाला म्हणून एक धोक्याची जागा सांगते. एका कॉलेजात गटप्रकल्प देताना 'नॉर्थ-ईस्टवाल्यांना एकत्र बरं वाटेल' म्हणून सरांनी चार मुलांचा गट केला. साल २०२३, मे महिन्यात मणिपूर पेटलं त्यानंतरचं सत्र. गटात मैतेई मुलगा होता आणि कुकी मुलगीही; संघर्ष याच दोन समाजांत पेटला होता. दोघांच्याही घरची माणसं तेव्हा छावण्यांत होती. सरांचा हेतू चांगला होता, पण त्या मुलांच्या राज्यात त्या वेळी काय चाललंय हे त्यांनी वर्तमानपत्रातही वाचलेलं नव्हतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हाही पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांना घरून पैसे येणं थांबलं होतं, व्हिसाची चिंता होती, आणि कित्येक कॉलेजांत अंतर्गत परीक्षेच्या तारखा जशाच्या तशा होत्या. अभिवादनाचे प्रकार पाठ करण्यापेक्षा ही चौकशी करणं जास्त मोलाचं आहे. ते काम एका प्राध्यापिकेचं नाही, विभागाचं आहे.

नावांकडेही विभागानं बघावं. आपल्या फॉर्मवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव, पुढे आईचं. पुष्कळ अफगाणांना आडनावच नसतं, एकच नाव असतं. पोर्टल ते स्वीकारत नाही, मग कार्यालय काहीतरी भरून देतं आणि गुणपत्रिका व पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. ते निस्तरायला मूल तुमच्याकडे येतं, कारण तुम्ही त्याच्याशी नीट बोलता. एका सत्रात अशी किती कामं तुमच्याकडे आली ते लिहून काढा. आणि आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं असतं, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. स्टाफरूममध्ये 'पूर्ण नाव काय म्हणालात?' याचा रोख ओळखायला प्रशिक्षण लागत नाही.

या वाढीव कामाला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे. अमादो पडिया यांनी १९९४ मध्ये त्याला 'सांस्कृतिक कर' म्हटलं. अल्पसंख्य गटातल्या प्राध्यापकावर त्या गटाशी संबंधित प्रत्येक समिती, कार्यक्रम, विद्यार्थ्याची अडचण येऊन पडते, त्याचं कौतुक होतं, पण बढतीच्या वेळी ते कुठेच मोजलं जात नाही. ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, परदेशी विद्यार्थी कक्ष, वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या तक्रारी, मणिपूरच्या मुलीला ताप आल्यावर दवाखाना. हे सगळं तुम्ही आनंदानं कराल, मला शंका नाही. पण ते लेखी व्हायला हवं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असतं. त्यावर हे काम किती तासांचं होतं ते एक महिना नोंदवा. मग विभागप्रमुखांना आणि आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, पत्र द्या: एवढं काम मी करते, त्याची कार्यभारात आणि कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, गुणांत नोंद व्हावी, आणि पुढच्या वर्षी ही जबाबदारी आणखी दोन सहकाऱ्यांकडे फिरती ठेवावी. भाषा तक्रारीची नको, नियोजनाची ठेवा. 'नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) हे दाखवता येईल' हे वाक्य पत्रात असलं की फाईल लवकर हलते, असा माझा अनुभव आहे.

पुण्यानं परदेशी विद्यार्थ्यांचा विचार फार आधी केला. १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू झालं ते अशा विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहूनच. त्यांना सांभाळणाऱ्या शिक्षकाचा विचार मात्र अजून कुठल्याही संस्थेत मनासारखा झालेला मी पाहिला नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

स्टाफरूममधल्या शेऱ्यांचं काय करायचं? सगळ्यांना उत्तर देऊ नका, दमून जाल. अज्ञानातून आलेला शेरा आणि कमी लेखण्यासाठी मारलेला शेरा यांत फरक करा. पहिल्याला एक साधं वाक्य: "मी आदिवासी आहे, आणि अशीच दिसते." हसून म्हणायची गरज नाही, चिडूनही नको. एवढ्यानं बरेच जण भानावर येतात आणि काही जण नंतर येऊन बोलतात. दुसऱ्या प्रकारचा शेरा, विशेषतः आरक्षणावरून किंवा जमातीवरून जाहीर पाणउतारा, तारीख-वेळ-साक्षीदारांसह लिहून ठेवा. पुन्हा झाला तर प्राचार्यांकडे लेखी द्या, विद्यापीठाचा मागासवर्ग कक्ष आहे, त्यापुढे राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग आहे. हे मार्ग वापरायची वेळ क्वचित येते. ते आपल्याला माहीत आहेत एवढ्यानंही पाठीला आधार मिळतो. आणि एक माणूस शोधा. वेगळ्या विभागातला असला तरी चालेल, ज्येष्ठ असेल तर उत्तम. तुमच्या अनुपस्थितीत "मॅडमच्या उच्चारांचं काय घेऊन बसलात" असं म्हणणारा एक जण स्टाफरूमची हवा जितकी बदलतो तितकी कुठलीही कार्यशाळा बदलत नाही.

रजेचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. सातपुड्यात होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार, मग गावोगावच्या होळ्या, काठी गावची राजवाडी होळी, काहींच्या घरी नवसाची पाळणी. कॉलेजला होळीची सुट्टी अगदी तोकडी आणि दिवाळीला आठवडे. तुम्ही दोन वर्षं गेला नाहीत आणि त्याच दोन वर्षांत गावी परकं वाटायला लागलं, याचा संबंध तुम्हालाही जाणवला असेल. किरकोळ रजा त्यासाठी राखून ठेवा, वेळापत्रक ठरतानाच विभागाला तारखा सांगा, अर्जावर कारण स्पष्ट लिहा: घरचा होळीचा सण. 'वैयक्तिक कारण' लिहू नका. अफगाण विद्यार्थ्यांच्या नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, २१ मार्चच्या सुमाराला, अंतर्गत चाचणी नको असं तुम्ही विभागात मांडता. तोच न्याय स्वतःलाही लावा.

आता तब्येतीबद्दल. क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या करपलेपणाची (बर्नआउटची) तीन लक्षणं सांगितली आहेत: भावनिक थकवा, माणसांबद्दल कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही ही भावना. तुमच्या पत्रात पहिलं ठळक आहे. तिसऱ्याची सुरुवात दिसते, आत्मविश्वासाचा प्रश्न त्यातूनच आला आहे. दुसरं मला दिसलं नाही. विद्यार्थ्यांबद्दल तुम्ही ज्या आपुलकीनं लिहिलं आहे त्यावरून शिकवण्यातला तुमचा जीव शाबूत आहे. हे फार चांगलं लक्षण आहे. पण थकव्यासोबत झोप उडणं, जेवण न जाणं, सकाळी कॉलेजच्या विचारानं पोटात गोळा येणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदाही आला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि जवळच्या माणसाला सांगा. प्राध्यापकांना दवाखान्याची पायरी चढायचा संकोच असतो, विद्यार्थी बघतील म्हणून. दुसऱ्या भागातला दवाखाना निवडा, पण जा.

राहता राहिला नोकरीचा प्रश्न. शहाद्याला किंवा नंदुरबारला जाणं ही माघार अजिबात नाही. तुमच्या भाषेत बोलणाऱ्या मुलींना त्यांच्यातलीच प्राध्यापिका समोर दिसणं ही मोठी गोष्ट आहे, आणि त्या ओढीनं जात असाल तर मी मनापासून पाठिंबा देईन. पण आत्ता, सत्राच्या मध्यावर, एवढ्या थकव्यात तो निर्णय घेऊ नका. तिथल्या जागा कायम आहेत की तासिका तत्त्वावर (सीएचबी), हे आधी नीट पाहा; कायम नोकरी सोडून सीएचबीवर गेलेल्यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. कार्यभाराचं पत्र देऊन एक पूर्ण शैक्षणिक वर्ष बघा. त्या वर्षात तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा: पत्रावर लेखी काही झालं का, स्टाफरूममध्ये तुमच्या बाजूनं बोलणारं एक तरी माणूस मिळालं का, आणि होळी करून परत आल्यावर कॉलेजच्या फाटकातून आत जाताना काय वाटलं. यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत तर अर्ज करायला सुरुवात करा. तिसरीचं उत्तर मला जरूर कळवा, त्यावरून पुढचं बोलू.